एका झावळीचा मांडव

आमच्या अंगणात वर्षातून एकदा मांडव पडतो आणि लग्न कुणाचंच होत नाही. पडघ्याजवळच्या ज्या शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या माडांच्या झावळ्या मी आणतो, तो तर तोंडावर म्हणतो, "दरवर्सी मांडव घालतोस, पन नवरी काय दिसत न्हाय." मी हसतो. पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला नवरीवरून चिडवणारं अजून कुणीतरी आहे, याचं खरं तर बरंच वाटतं.

त्याला मी पूर्वी समजावून सांगायचो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. बोलणं मराठी, जेवण नारळाचं, प्रार्थना हिब्रू, आणि त्यातली निम्मी माझ्यासारख्याला न कळणारी. भिवंडीत आमची घरं कधीकाळी बोटांवर मोजण्याइतकी होती. आता मोजायला बोटही लागत नाही, आमचं एकच आहे. किप्पूरचा कडक उपास झाला की लगेच सुक्कोथ येतो, मांडवाचा सण. आमचे पूर्वज गुलामीतून सुटून वाळवंटात झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस झावळ्यांच्या मांडवात जेवायचं. भिंतीपलीकडच्या लूमवर काम करणाऱ्या एका यूपीच्या कारागिराला हे मी एकदा सविस्तर सांगितलं. त्यानं विडी विझवली आणि शांतपणे विचारलं, "आप लोग साल में सात दिन झोपड़ी में खाते हो. हम तो बारह महीने खाते हैं. हमारा त्योहार कब है?" तेव्हापासून मी कुणाला समजावत नाही. विचारलंच तर म्हणतो, घरगुती कार्यक्रम आहे.

बाबा होते तोवर मांडव तेच बांधायचे. ते लूमच्या मोटरी रिवाइंड करायचे, त्यामुळे त्यांची गाठ पक्की असे. मोठा भाऊ आणि मी खालून झावळ्या द्यायचो. मांडव पुरा झाला की बाबा आम्हां दोघांना खाली फरशीवर उताणं झोपायला लावायचे आणि विचारायचे, "काय दिसतं?"

दादा म्हणायचा, "आकाश."

मी म्हणायचो, "कावळा."

मग बाबा झावळ्या थोड्या सरकवून पुन्हा विचारायचे. छप्पर इतकंच दाट हवं की सावली पडेल, पण वरचं आकाशही दिसेल. रात्री चांदणी दिसली पाहिजे. ही त्यांची परीक्षा होती आणि मी तिच्यात दरवर्षी कावळ्यावर नापास व्हायचो.

पुढे दादा इस्राएलला गेला. तिकडे बंदराजवळच्या एका कारखान्यात लागला, तिकडचाच झाला. बाबा गेले तेव्हा तो आला होता, पण ते दिवस उन्हाळ्याचे होते. सुक्कोथला तो कधीच येऊ शकला नाही. एक वर्ष रजा नाही, एक वर्ष बायकोचं बाळंतपण, मग पोरांच्या शाळा, मग विमानं कधी चालू, कधी बंद. शुक्रवारी फोनवर आई त्याला सगळं विचारून झालं की शेवटी एकच विचारायची, "यंदा मांडवाला येतोस?" फोन ठेवला की मला ऐकू जाईल असं म्हणायची, "दोघं पोरं एकदा एका मांडवात जेवलेली बघितली की झालं. मग कुणी का जाईना कुठं." या कुणीमध्ये ती स्वतःला धरायची, हे कळायला मला वेळ लागला. मी वळ गावातल्या एका गोदामात सुपरवायझर आहे. खोके कुठून आले, कुठे गेले, एवढंच मला पटकन कळतं.

बाबांच्या पाठीमागे मांडव माझ्याकडे आला. पहिल्याच वर्षी परतीचा पाऊस आला. झावळ्यांतून पाणी सरळ ताटात. रश्शाचं सार झालं, साराचं पाणी झालं. आई उठेना. म्हणाली, "बाबा असते तर उठले असते का?" बाबा नक्की उठले असते, पावसात बसायचं नसतं हे त्यांनीच आम्हांला सांगितलं होतं. पण नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल वाद कोण घालणार? आम्ही सगळे भिजत बसलो आणि भिंतीपलीकडच्या लूमच्या खिडकीतून चाचा बघत होते.

चाचा म्हणजे त्या लूमचे मालक. पिढ्यान् पिढ्या इथलं कोकणी मुसलमान घराणं. बाबांनी त्यांच्या मोटरी भरल्या आणि त्यांनी बाबांचे कान, असं आई म्हणायची. दोघांची बडबड लूमच्या खडखडाटावर मात करून चालायची. मांडवाच्या पहिल्या संध्याकाळी चाचा खजूर घेऊन येणार, मांडवात बसून नारळाच्या दुधाची खीर खाणार, हे मला आठवतं तेव्हापासून ठरलेलं. टीव्हीवर इस्राएलकडच्या लढाईच्या बातम्या सुरू झाल्या की भिंतीच्या दोन्ही बाजूंना आवाज आपोआप कमी व्हायचा. यावर कधी कुणी बोललं नाही. न बोलूनच ते पाळलं जात होतं.

तर त्या पावसाच्या पुढच्या वर्षी, सणाच्या जरा आधी, मी गोदामातून आलो तो अंगणात वेल्डिंगच्या ठिणग्या. चाचांनी आपल्या शेडचा पत्रा पुढे वाढवून आमच्या अंगणावरून थेट आमच्या घराच्या भिंतीपर्यंत आणला होता. स्वतः उन्हात उभे राहून फिटरला हात दाखवत होते. आईला बघून म्हणाले, "भाभी, तुमच्या ताटात पानी बघितला त्या दिवशी. मना झोप नाय लागली. आता बसा खुशाल."

आई बराच वेळ वर बघत राहिली. मला वाटलं, भारावली. मग म्हणाली, "फार चांगलं केलंत, भाई." आत गेली आणि माझ्या हाती त्यांच्या घरी हलवा पाठवला.

त्यानंतर दरवर्षी मी त्या पत्र्याखाली मांडव बांधला. बांबू, झावळ्या, चाचांच्या लूमच्या वाया गेलेल्या सुतानं टांगलेली सफरचंदं आणि मोसंबी, सगळं साग्रसंगीत. फरशीवर उताणं झोपून बघायची परीक्षा मात्र मी बंद केली होती. कारण कमरेचं होतं. झोपलो असतो तर उठवायला फिटर लागला असता. माझी समजूत एवढीच की डोक्यावर झावळ्या हव्यात, आणि त्या होत्या. रस्सा दाट राहत होता. सणाबद्दल माझी तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी दादा आला.

किप्पूर होताच विमानात बसला आणि सणाच्या आदल्या दिवशी दुपारी दारात उभा राहिला. दाढी पांढरी, डोक्यावर विणलेली टोपी. उतारवयात तो फार पाळणारा झालाय हे फोनवरून माहीत होतं, पण फोनवर दाढी दिसत नाही. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं आपल्या ओठांना लावली, आणि पाणी देण्याआधीच त्याचा हात धरून त्याला अंगणात नेलं. मांडव मी आदल्या दिवशीच पुरा केला होता. तिला तो दाखवायचा होता. माझ्या बायकोनं तर दारापासून झेंडूचं तोरण लावलं होतं, मांडव म्हटल्यावर तिला राहवत नाही.

दादा मांडवात शिरला. फळांना हात लावला. आणि मग, प्रवासाच्या कपड्यांनिशी, सरळ फरशीवर उताणा झोपला.

मला हसू आलं. मी बाबांच्या आवाजात विचारलं, "काय दिसतं?"

त्यानं डोळे बारीक केले. मग म्हणाला, "पत्रा."

उठून बसला. कपडे झटकले. "आई, हा सुक्का नाही."

"मांडव म्हण," आई म्हणाली.

"मांडव असेल. सुक्का नाही. झावळ्यांवर दुसरं छप्पर असलं की खालचं सगळं रद्द. घरात बसून जेवल्यासारखंच. वर पत्रा आहे, आई."

"दिसतोय मला. मोतीबिंदू काढलाय मी."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुझ्या बाबांशी संसार केलाय. माहीत नसायला काय झालं?"

मी बायकोकडे बघितलं, बायकोनं माझ्याकडे. आम्हां दोघांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या मांडवाच्या गाठी मारत होतो, आणि त्या घरात मांडवाबद्दल काही न कळणारा माणूस नेमका मीच होतो. गोदामात अशा माणसाला आम्ही गेटवर बसवतो.

दादा हळू आवाजात म्हणाला, "मग चाचांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुमचा पत्रा माझ्या देवाला चालत नाही? माझं ताट भिजलं म्हणून झोपला नव्हता तो माणूस. सख्खे चुलत-मावस सगळे इथून निघून गेले, भिंतीपलीकडे तो राहिला."

"म्हणून नियम बदलतो का?"

"देवाला मी सांभाळून घेईन. देव काही भिंतीपलीकडे राहत नाही."

दादा ओट्यावर बसला. त्यानं सरळ सांगितलं, भांडल्यासारखं नाही, दुखत असल्यासारखं. सात दिवस चपातीचा तुकडा खायचा तर सुक्कामध्येच. इथे तो नाही म्हटल्यावर तो फळं खाईल, भात खाईल, पण मांडवात ताटावर बसणार नाही. "तुझ्यासाठी आलो, आई. पण खोटं बसू कसं?"

आईनं ठाण्याहून शास्त्रानं कापलेली कोंबडी आणवली होती. वाटण सकाळीच करून ठेवलं होतं. ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज मोठा झाला.

मी माझ्या परीनं मार्ग काढला. म्हटलं, गोदामातून एक उघडा ट्रक आणतो, गल्लीत उभा करतो, त्याच्या हौद्यात मांडव बांधू. वर आकाशच आकाश. दादा म्हणाला, ट्रकवरचा सुक्का चालतो. बायको म्हणाली, "सासूबाईंना ट्रकवर चढवणार कोण? आणि गल्लीतले विचारतील, घर सोडून चाललात का?" माझा मार्ग तिथेच संपला.

संध्याकाळी चाचा आले. दादा आल्याचं कळलं म्हणून एक दिवस आधीच, हातात खजुरांचा डबा. दादाला त्यांनी पोटाशी धरलं, दाढी ओढली. "अरे, तू तर माझ्यापेक्षा मौलाना झालास." सगळे हसले. चाचा सवयीनं मांडवात जाऊन बसले आणि दादाला म्हणाले, "ये, बस." दादा बांबूच्या बाहेरच उभा राहिला.

"का रे?"

आई म्हणाली, "दमलाय. विमानाचा प्रवास."

दादाला खोटं बोलता आलं नाही. ते त्याला लहानपणीही जमायचं नाही, म्हणून मार दोघांना पडायचा. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "चाचा, आमच्या नियमात वर आकाश लागतं. पत्रा असला की मांडव होत नाही. तुम्ही प्रेमानं घातलात, पण…"

चाचांच्या हातातला खजूर हातात राहिला. ते आईकडे वळले. "भाभी, खरं?"

आणि माझी आई, जिनं आम्हांला खोटं बोललो म्हणून उपाशी झोपवलं होतं, पदर सारखा करून म्हणाली, "छे हो, भाई. ह्याचं काय ऐकता? ही तिकडची नवी पद्धत आहे. आपल्या इकडे असं काही नसतं."

दादाचा चेहरा मी बघितला आणि नजर खजुरांच्या डब्यावर नेली. इतक्या वर्षांनी आईसाठी आलेल्या मुलाला, त्याच्याच तोंडावर, आईनं परदेशी करून टाकलं होतं.

चाचा उठले. "बरं," एवढंच म्हणाले. खजूर ठेवून गेले. खीर उद्यासाठी होती, आई त्यांना थांबा म्हणाली नाही.

सकाळी गॅस कटरच्या आवाजानं जाग आली. चाचा खाली उभे, फिटर वर. पत्रा कापून, गुंडाळून, त्यांच्या बाजूला उतरवला गेला. आमच्या भिंतीत रुतलेले लोखंडाचे तुकडे तेवढे राहिले. आई दारात उभी राहून सारखं म्हणत होती, "भाई, राहू द्या, कशाला." चाचांनी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. अंगणात ऊन पडलं. कितीतरी वर्षांनी त्या फरशीवर ऊन पडलं आणि ती किती कळकट झालीय ते सगळ्यांना दिसलं.

दूध आणायला धामणकर नाक्याकडे गेलो तर चहाच्या टपरीवर बातमी माझ्या आधी पोचली होती. ओळखीचा एकजण म्हणाला, "सुना है, इस्राएल से आया और आते ही चाचा का पत्रा निकलवाया."

मी म्हटलं, "वैसा नहीं है. मांडवावर आकाश दिसावं लागतं. धर्माचा नियम आहे."

"आसमान तो सबका है, भाई," तो म्हणाला आणि बिस्किट चहात बुडवलं. मी दुधाची पिशवी उचलून निघालो. अंगणातला पत्रा निघाला एवढंच घडलं होतं. पण ते कुठल्या गोष्टीत जाऊन बसलं होतं, ते मला परत आणता येणार नव्हतं.

पत्रा गेला तरी त्याच्याखाली घातलेल्या झावळ्या दादाच्या मते उतरवून पुन्हा चढवायला हव्या होत्या. दुपारी आम्ही दोघं ते करायला लागलो. तो वर, मी खाली. त्याला बाबांची गाठ आठवेना, मला शिडी पेलवेना. मध्येच एक झावळी माझ्या टकलावर पडली आणि दादा पोट धरून हसला, पूर्वीसारखा, आवाज न करता, खांदे हलवत. सगळं झाल्यावर तो फरशीवर झोपला. मीही झोपलो, कमरेची पर्वा न करता.

"काय दिसतं?" त्यानं विचारलं.

"कावळा," मी म्हणालो. खरंच होता.

त्या तासाभरात मला वाटलं, निभावलं. मला उठवायला बायकोला बोलवावं लागलं, पण तरीही वाटलं.

सूर्य कलायला लागला तशी आईनं मला चाचांना बोलवायला पाठवलं. "खीर झालीय म्हणावं."

चाचा लूमच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. आत मशिनं चालू होती, त्यामुळे ते मोठ्यानं बोलत होते, पण रागानं नाही. "तुझा भाऊ बोलला ते मना नाय लागला. तो बरोबर बोलला. पन भाभी? एवढी वर्षं मी त्या पत्र्याखाली बसून खीर खाल्ली, त्यांचा सन बिघडवून. आनि त्या मना वाढत होत्या, हसत होत्या. एक शब्द नाय. तुझा बाप असता तर शिवी घालून बोलला असता, काढ तो पत्रा. सख्ख्याला मानूस शिवी घालतो. मेहमानाला खीर."

मी म्हटलं, "तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून…"

"हां. तेच तर बोलतोय मी."

ते आले नाहीत. मी घरी येऊन सांगितलं, "त्यांना बरं नाही." आईनं खिरीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. "बरं नाही म्हणाला, की तू म्हणतोयस?" मी ताटं मांडायला घेतली.

मांडवात दिवे लागले. दादानं काळ्या मनुकांच्या पाण्याचा पेला हातात घेऊन किद्दुशची प्रार्थना म्हटली. बाबांच्याच चालीत, आणि मध्येच त्याचा आवाज फुटला. वर झावळ्यांमधून खरोखर एक चांदणी दिसत होती. त्यानं चपाती मोडली, मीठ लावलं, सगळ्यांना तुकडे दिले. आईनं आपला तुकडा घेतला, ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "रश्शाचं मीठ बघून येते."

ही तिची जुनी सवय. जेवणं सुरू झाली की ती ताटली घेऊन अशी जायची आणि थोड्या वेळानं परत यायची. बायको म्हणायची, मांजराला घालत असतील. या वेळी ती परत आली नाही. दादा जेवायचा थांबला. "आई कुठं आहे?"

मी शोधायला उठलो, दादाही मागे आला. ती स्वयंपाकघरात नव्हती. अंगणाच्या टोकाला न्हाणीघर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक बोळकांडी आहे, तिथे धुण्याचा दगड. पत्रा होता तेव्हाही तो तिथपर्यंत पोचत नव्हता. दगडावर वर्षानुवर्षं एक झावळी आडवी टाकलेली असायची, सणाच्या दिवसांत ताजी, आणि पुढच्या बाजूला जुनं लुगडं. दगड तापतो म्हणून झावळी, वाळत घातलंय म्हणून लुगडं, असं मी समजत होतो. मीच दरवर्षी आणलेल्या झावळ्यांतली एक तिथे जायची आणि मला कधी कमी पडल्यासारखीही वाटली नाही.

आई त्या दगडावर बसली होती. एका बाजूला न्हाणीची भिंत, दुसऱ्या बाजूला कुंपण, तिसरीकडे लुगडं, डोक्यावर एक झावळी. मीठ लावलेला तुकडा चावत होती.

दादाला माझ्याआधी कळलं. त्यानं भिंती बघितल्या, वर बघितलं, आणि तिथेच उभा राहिला. इतकी वर्षं आमचा मांडव रद्द होता. तिचा नव्हता.

"आई," तो म्हणाला, "तिकडे चल. आता सगळं बरोबर झालंय."

"बरोबर इथंही होतं."

"पण आता गरज काय? तुला आम्ही दोघं एका मांडवात हवे होतो ना? आहोत आम्ही. तू ये."

आईनं घास गिळला. "त्या मांडवात एक माणूस खीर खायला यायचा. त्याला काय आणि देवाला काय, कुणालाच दुखवायचं नाही म्हणून मी माझ्यापुरती एक झावळी घेतली होती. तुम्ही दोघांनी सगळं स्वच्छ करून टाकलंत. आता बसा त्यात. मला इथं सवय आहे."

दादा आत जाऊ शकला नाही. रागानं नव्हे, तिथे जागा एकाच माणसाची होती. तो लुगड्याशी उभा राहिला, मी त्याच्या मागे. रस्सा मांडवात गार होत होता. दाटच होता, पण पहिल्यांदा कुणी खात नव्हतं.

सगळा आठवडा तसाच गेला. दादा आणि मी मांडवात, आई दगडावर. मधल्या एका दिवशी पाऊस आला, आणि पावसात बसायचं नाही हा नियम असल्यामुळे दादा ताट घेऊन घरात आला. आई बोळकांडीतून आली नाही. मी छत्री घेऊन गेलो तर म्हणाली, "छत्री नको. वर दुसरं छप्पर चालत नाही." थट्टेनं म्हणाली की नाही ते मला सांगता येणार नाही.

जाताना दादा तिच्या पाया पडला. ती त्याला म्हणाली, "पोचलास की फोन कर." पुढच्या मांडवाचं तिनं विचारलं नाही. तो वाट बघत होता, मला दिसलं. शुक्रवारी फोन होतो. ती आता दवाखाना, हवा, नातवंडं एवढंच बोलते.

पत्रा परत आला नाही. मी चाचांना विचारलं होतं, ते म्हणाले, "तुमचा नियम हाय, मी कशाला मोडू?" फार आदरानं म्हणाले. यंदा किप्पूरनंतर आमच्या फाटकाच्या कडीला प्लास्टिकच्या पिशवीत खजूर अडकवलेले मिळाले. आईनं ते धुऊन डब्यात भरले आणि तितक्याच आदरानं खिरीचं पातेलं माझ्या हाती पाठवलं. चाचांच्या सुनेनं ते रिकामं करून, घासून, परत दिलं. पूर्वी आमची भांडी त्यांच्याकडे महिनोन्‌महिने पडून असायची.

मी पडघ्याला निघालो तेव्हा आई मागून म्हणाली, "झावळी एकच आण."

"आणि मांडव?"

"तू बस की घरात. तुला कुठं काय कळतं त्यातलं." हे मात्र तिनं पूर्वीच्या आवाजात म्हटलं, त्यामुळे मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं.

शेतकऱ्यानं विहिरीवरच्या माडाकडे बघत विचारलं, "यंदा किती पायजेत?"

"एक."

"एक? येकीचा मांडव व्हतो काय?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. नवरीचं काही बोलला नाही. "खराटा करनार?"

"हां," मी म्हटलं. "खराटा."

त्यानं एक चांगलीशी झावळी तोडून दिली. टेम्पोवाला ती आडवी घेईना, म्हणून मी ती उभी धरून बसलो.